रॅमभाऊ

रॅमभाऊंच्या टेबलाला तीन खण होते आणि तिन्ही रिकामे होते. एकदा स्टेपलर शोधताना मी ते उघडून पाहिले, म्हणून मला ठाऊक. वरच्यात काही नाही, मधल्यात काही नाही, खालच्यात आधीच्या माणसाने सोडलेली एक गंजकी टाचणी. टेबलावर मात्र बोट टेकायला जागा नसायची. केबलांची वेटोळी, पोट फाडलेली हार्ड डिस्क, तीन चष्मे (त्यांतला एक आमच्या अकाउंट्सच्या बाईंचा; त्या तो सकाळपासून शोधत होत्या), अर्धा पेरू आणि तिखटमिठाची पुडी. संध्याकाळी साडेसहाला रॅमभाऊ उठत, ज्याचं त्याला देऊन टाकत, उरलेलं दोन्ही हातांनी टोपलीत लोटत, फडक्याने टेबल पुसत आणि निघून जात. पहिल्या आठवड्यात सफाईच्या मावशी घाबऱ्याघुबऱ्या होऊन मला विचारायला आल्या होत्या, “दादा, साहेब नोकरी सोडून चाललेत काय?”

पगारपत्रकावरचं त्यांचं नाव ‘राम’नेच सुरू व्हायचं, त्यामुळे बारशाला आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. कंपनी छोटी. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत, खाली भांड्यांचं दुकान आणि वरचे दोन मजले आमचे. पतसंस्थांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. रॅमभाऊ तिथले सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे काही बंद पडलं की ज्यांच्या नावाने जिन्यातून हाक मारायची ते. मी त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायचो. जो माणूस शर्टाच्या खिशाला कधी पेन लावत नाही त्याच्याशी माझं जमण्याचं काही कारण नव्हतं. पण आमचा डबा एका वेळी उघडायचा, आणि रॅमभाऊंकडे लसणाची चटणी असायची.

सगळ्या रोगांवर त्यांचं एकच औषध होतं: “रॅममध्ये टाका.” मशीन मंद चाललंय, रॅममध्ये टाका. तपासण्या रेंगाळताहेत, रॅममध्ये टाका. डिस्क खरखरतेय, तिला विश्रांती द्या आणि रॅममध्ये टाका. जेवताना एकदा मी विचारलं, “रॅमभाऊ, फायली तर डिस्कवर असतात. त्या रॅममध्ये टाकायच्या म्हणजे काय करायचं?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मलाच विचारलं, “लहानपणी पाटी होती का तुमच्याकडे?”

“होती.”

“पाटीवर काय करायचात?”

“बेरजा.”

“आणि वहीत?”

“उत्तर.”

“मग झालं की! हातचा एक कुठे वहीत लिहितं का कोणी?”

फायली रॅममध्ये ठेवायची ही जी सोय, टेंपएफएस, तिची याहून सोपी व्याख्या मी आजवर वाचलेली नाही, आणि पुस्तिका लिहिणारा असूनही मला ती करता आली नसती. वरून बघणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही. नेहमीसारखं फोल्डर, नेहमीसारख्या फायली, त्यांच्यावर त्याच परवानग्या. प्रोग्रामला तर पत्ताच नसतो. फक्त खाली डिस्क नसते. सगळा कारभार मेमरीत चालतो, आणि मशीन बंद झालं की पाटी पुसलेली. आमच्या वर्गात ओल्या स्पंजाची डबी एकदोघांकडेच असायची. बाकीचे थुंकीवर भागवायचे. इथे वीज गेली तरी भागतं.

या भक्तीचं मूळ मिरजेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात होतं. काळ १९९० च्या आसपासचा. मशीन २८६, मेमरी मोजून १ एमबी, आणि त्यातही डॉसला कामाला मिळायची ती ६४० केबी. वरची ३८४ केबी सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी, घरात असून कोणी हाक न मारणारी. रॅमभाऊंनी मास्तरांच्या नकळत कॉन्फिग फायलीत रॅमड्राइव्हची एक ओळ घातली आणि त्या ३८४ केबीची चक्क एक ड्राइव्ह तयार झाली. जे काम करताना फ्लॉपी कर्र-कर्र करत जीव काढायची, ते आवाज न करता व्हायला लागलं. रॅमभाऊ सांगायचे, “पहिल्यांदा वाटलं काही झालंच नाही. पुन्हा बघितलं तर झालेलं होतं!” तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि त्यांचा व्याज काढायचा आख्खा प्रोग्राम गेला. दुसरा कोणी असता तर सुधारला असता. रॅमभाऊ वीज आल्यावर बसले आणि डोक्यात होता तो प्रोग्राम पुन्हा लिहून काढला. तो आधीच्याहून आखूड झाला आणि चुकाही कमी निघाल्या. झालं, माणूस वाया गेला.

पुढे जेव्हा कळलं की सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपनीने आपल्या युनिक्समध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे, आणि तिथल्या पीटर स्नायडर यांनी १९९० मध्ये त्यावर निबंधही लिहिला आहे, तेव्हा त्यांना शेजारच्या गावात आपल्याच कुलदैवताचं देऊळ सापडल्यासारखं झालं. लिनक्समध्ये टेंपएफएस आलं २००१ च्या २.४ आवृत्तीत. त्या दिवसांबद्दल रॅमभाऊ असे बोलायचे की त्यांच्या घरी गुढीच उभारली होती असं वाटावं. मधल्या काळातली त्यांची मर्दुमकी मात्र मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं की सीडी ड्राइव्ह सापडायची नाही. डी म्हणून शोधायला जावं तर तिथे भलतंच काहीतरी. भले भले इंजिनियर केबल काढून फुंकर मारत बसायचे. रॅमभाऊ दारातूनच म्हणायचे, “ई बघा.” आणि सीडी ईवर असायची. ती फ्लॉपी आपली हत्यारं उघडून मांडायला रॅममध्ये एक छोटी ड्राइव्ह करते, तिने एक अक्षर खाल्लं की सीडी एक घर पुढे सरकते. ही गोष्ट ज्याला माहीत असे, त्याला त्या काळी ऑफिसात ज्योतिष्याचा मान होता.

पण रॅमभाऊंचा खरा पराक्रम चहाच्या हिशेबात सांगायला हवा, कारण आमच्याकडे वेळ चहात मोजायचे. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला की सगळ्या तपासण्या पुन्हा चालवायच्या. तपासणी म्हणजे नवा डेटाबेस उभा करायचा, त्यात खोटे सभासद, खोटी कर्जं, खोटे हप्ते घालायचे, व्याज बरोबर येतं का बघायचं आणि सगळं पाडून टाकायचं. अशा शेकडो. एकदा सुरू केल्या की दोन चहा व्हायचे. समोरच्या टपरीवाल्याचा अर्धा धंदा आमच्या तपासण्यांवर चालायचा.

रॅमभाऊंनी एका शनिवारी तो तपासणीचा डेटाबेस टेंपएफएसवर नेला. सोमवारी पोरांनी तपासण्या सुरू केल्या, खाली उतरले, चहा सांगितला, आणि कप हातात येईपर्यंत वरून हाक: झालं! अर्ध्या चहात!

यात जादू काही नव्हती. डेटाबेस स्वभावाने संशयी असतो. प्रत्येक व्यवहाराला तो डिस्कला विचारतो, “लिहिलंस का? नक्की लिहिलंस ना?” आणि हो म्हणेपर्यंत हटत नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पुरी करायला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला ते काहीच नाही. पण हजारो नोंदींना हजारो वेळा थांबलं की चहा होतो. टेंपएफएसच्या खाली डिस्कच नाही. “लिहिलंस का?” म्हटल्याबरोबर ते “हो” म्हणतं, रजिस्टर न उघडताच “झालंय तुमचं काम” सांगणाऱ्या कारकुनासारखं. खोट्या सभासदांच्या खोट्या कर्जांना तेवढं पुरतं.

आठवड्याने टपरीवाला वर आला. त्याने रॅमभाऊंपुढे हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, तुमचं ते काय रॅम का काय, ते काढा हो. पोरं खालीच येईनात.” रॅमभाऊ इतके विरघळले की त्या दिवसापासून ते स्वतः दोन चहा जास्त प्यायला लागले.

आमच्या मालकांना मात्र वेगळीच लहर आली. म्हणाले, “एवढं पळतंय तर गिऱ्हाइकांचे खरे डेटाबेसही रॅममध्ये टाकू या की!” त्या एकाच वेळी मी रॅमभाऊंना आवाज चढवताना ऐकलं. “आणि ठेवीदारांना काय सांगायचं? पाटी पुसली?” मालक गप्प झाले. माझ्या हिशेबी तो रॅमभाऊंच्या नोकरीतला सर्वोत्तम दिवस. भक्त पुष्कळ असतात; देव्हाऱ्यात काय ठेवू नये हे ठाऊक असलेला भक्त विरळा.

हे सगळ्यांना पटत होतं असं नाही. आमच्यात एक हुशार मुलगी होती, नुकतीच इंजिनियर होऊन आलेली. तिने भर जेवणात रॅमभाऊंना धरलं. “सर, एकदा वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल मेमरीत ठेवतोच. मग पुन्हा रॅममध्ये टाकून काय मिळतं?” सगळ्यांचे घास थांबले. रॅमभाऊ शांतपणे चटणी कालवत म्हणाले, “वाचायला काही मिळत नाही. अगदी बरोबर. लिहायला मिळतं. त्यातही लिहून लगेच पुसायचं असेल, आणि बारीकसारीक फायली ढिगाने असतील, तर.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि आता त्या नव्या एसएसडी आल्यात ना, त्यांच्यापुढे तेही पूर्वीएवढं नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा जरा उतरला. गावातली विहीर आटल्याचं सांगताना म्हाताऱ्या माणसांचा उतरतो तसा.

जी पोरं असं विचारत नसत, त्यांच्यासाठी पाट्या होत्या. पुण्यात राहून पाटी लावली नाही तर माणूस परगावचा समजतात. सर्व्हर रूमच्या दारावर रॅमभाऊंनी (म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं) एक कागद चिकटवला होता: “टेंप ही धर्मशाळा आहे. मुक्काम एका रात्रीचा. सामानाची जबाबदारी ज्याची त्याची.” एका नव्या पोराने चार दिवसांचं काम टेंपएफएसवरच्या टेंप फोल्डरमध्ये ठेवलं आणि सोमवारी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागला, त्यानंतर खाली दुसरा कागद आला: “आपली फाइल गेली? ती मोलाची होती? मग इथे का ठेवली?” ते पोरगं रडवेलं होऊन आलं होतं. मला वाटलं, आता रॅमभाऊ बोलतील. त्यांनी त्याला शेजारी बसवलं, अर्धा पेरू दिला आणि विचारलं, “चार दिवसांत काय काय केलंस ते सांग बरं.” त्याने सांगितलं. “आठवतंय की सगळं! मग गेलं काय?” पोराने ते काम दीड दिवसात पुन्हा केलं. मिरजेचा प्रोग्राम मला तेव्हा आठवला. रॅमभाऊंना आठवला की नाही, सांगता येणार नाही.

आता त्यांचं स्वतःचं एक पाप. ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही, आणि त्यांनी ते कोणाला सांगू नका असं सांगितलेलं आहे. टेंपएफएसला एक उनाड भाऊ आहे: रॅमएफएस. टेंपएफएस शहाणं असतं. काही सांगितलं नाही तर ते निम्म्या रॅमवर थांबतं. त्याला नेमकी मर्यादा घालून देता येते. आणि अगदीच दाटी झाली तर त्यातलं थोडं सामान डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या माळ्यावर टाकता येतं. रॅमएफएसला हे तिन्ही नाही. मर्यादा नाही, माळा नाही, लाज नाही. रॅमभाऊंनी एका रात्री काहीतरी करून बघायला म्हणून रॅमएफएस जोडलं, त्यात एका प्रोग्रामची लॉग फाइल वळवली, आणि घरी गेले. प्रोग्राम रात्रभर बडबडत राहिला. फाइल फुगत गेली. मेमरी संपायला आल्यावर कर्नल करतो तेच त्याने केलं: जागा व्हावी म्हणून एकेक प्रोग्राम मारायला सुरुवात केली. डेटाबेस मारला, मेल मारला, जो दिसेल तो मारला. जागा होईना, कारण जागा अडवली होती सामानाने आणि तो मारत होता माणसं. सकाळी आम्ही आलो तेव्हा सर्व्हर निपचित पडला होता. रॅमभाऊंनी बटण दाबून तो बंद केला, पुन्हा चालू केला, आणि पुरावा आपोआप नष्ट झाला. त्या दिवशी ते डब्यात चटणी असूनही जेवले नाहीत.

माणूस म्हणूनही ते यंत्राच्याच वळणाचे होते. दिवसभरात त्यांना काहीही विचारा. कुठल्या मशीनचा पत्ता काय, कोणी कोणाकडून किती उसने घेतले, कोयना एक्स्प्रेस आज किती उशिराने आहे. सगळं तोंडावर. एक झोप झाली की साफ. डीरॅम नावाची जी मेमरी आपल्या मशीनमध्ये असते, तिच्यातला प्रत्येक कण गळका असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तिला सगळं पुन्हा भरून घ्यावं लागतं, नाहीतर ती विसरते. वहिनींनी सामान सांगितलं की रॅमभाऊ रस्त्याने असेच पुटपुटत निघायचे: “दूध, कोथिंबीर, साबण. दूध, कोथिंबीर, साबण.” आपल्या गोष्टीतला जावई नाही का, पदार्थाचं नाव घोकत निघतो आणि ओढ्यावरून उडी मारताना विसरतो? एकदा मीच त्यांना चौकात हाक मारली: “काय रॅमभाऊ, कुठे?” ते थांबले. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, पण काही उमटलं नाही. मग अगदी दुःखाने म्हणाले, “आता मला घरी जाऊन विचारून यावं लागेल हो.”

या गुणामुळे ते ऑफिसातले सगळ्यात भरवशाचे कान झाले. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं जमतंय, कोण नोकरी बदलतोय, सगळे रॅमभाऊंना जाऊन सांगायचे, कारण सकाळपर्यंत ते विसरणार याची खात्री असायची. रॅमभाऊंचाही याबाबतीत सिद्धान्त होता: गुप्त गोष्ट डिस्कवर लिहूच नये, पासवर्ड, किल्ल्या, असलं सगळं टेंपएफएसवर ठेवावं म्हणजे मागे खूण राहत नाही. आणि तो त्यांचा एकट्याचा नव्हता. कुबरनेटीससारख्या मोठ्या यंत्रणेतही प्रोग्रामला द्यायची गुपितं त्या त्या मशीनवर टेंपएफएसमध्येच ठेवतात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज गेल्यावरही रॅममधलं काही सेकंद, कधी काही मिनिटं शिल्लक असतं, आणि चिप गार केली तर आणखी टिकतं. तेव्हापासून रॅमभाऊंना गुपित सांगितल्यावर लगेच गार पाणी द्यायचं नाही, असा आम्ही नियम केला होता.

मीही एक गुपित त्यांच्याकडे ठेवलं. दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत देऊन आलो होतो. पुढच्या महिन्यात मालकांच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मालक माझ्या उजव्या हाताला असताना समोरून वहिनी म्हणाल्या, “अहो, तुमच्या त्या चौदा तारखेच्या मुलाखतीचं काय झालं?”

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली.

वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. तपासनीस होत्या. त्यांच्या घरी लोखंडी कपाटात १९९६ पासूनच्या विजेच्या बिलांच्या पावत्या वर्षवार लावलेल्या आहेत. नवऱ्याने विसरायचं आणि बायकोने लक्षात ठेवायचं ही वाटणी पुष्कळ घरांत असते. पण वहिनी तारखेसकट लक्षात ठेवायच्या. मला तेव्हा उलगडा झाला. रॅमभाऊंची मेमरी दाटली की ते घरी जाऊन रिकामी करायचे. वहिनी म्हणजे त्यांचं स्वॅप! आणि गुपितांच्या बाबतीत स्वॅपचा धोका हाच, की मेमरीतलं म्हणून निर्धास्त राहावं तर ते गुपचूप डिस्कवर उतरलेलं असतं. हे मी रॅमभाऊंना रागाने सुनावलं. ते म्हणाले, “त्यावर उपाय आलाय की! लिनक्स ६.४ मध्ये, २०२३ सालीच. टेंपएफएस जोडताना सांगून ठेवायचं, यातलं काही स्वॅपमध्ये टाकू नकोस म्हणून.” मग चष्मा पुसत म्हणाले, “मशीनला आलाय. घरी नाही.”

शेवटची काही वर्षं त्यांचं लक्ष ऑफिसापेक्षा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत जास्त होतं. त्यांनी गच्चीवर रास्पबेरी पाय हा बोटभर संगणक बसवला होता. टाकीत पाणी किती, मोटर कधी लावली, कधी बंद केली, सगळं तो टिपायचा. पहिलं मेमरी कार्ड वर्षात मेलं. दुसरंही. सेक्रेटरी म्हणाले, दोन कार्डांच्या पैशात रखवालदाराने आयुष्यभर टाकीत डोकावून बघितलं असतं. रॅमभाऊंनी ओळखलं की हा पठ्ठ्या सेकंदासेकंदाला कार्डावर काहीतरी खरडतो आहे, आणि फ्लॅश मेमरीचे कण ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात, नंतर झिजतात. त्यांनी सगळ्या नोंदी टेंपएफएसवर वळवल्या, आणि दर तासाला त्यातलं जेवढं बदललं तेवढंच कार्डावर उतरवून ठेवायला आरसिंक नावाच्या प्रोग्रामला नेमलं. तिसरं कार्ड अजून चालू आहे. वीज गेलीच तर फार तर तासाभराचा पाणीपुरवठा इतिहासातून पुसला जाईल. सोसायटीच्या इतिहासात त्याहून मोठ्या गोष्टी पुसल्या गेल्या आहेत.

रॅमभाऊ ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्याच महिन्यात डेबियन १३ आली आणि तिने टेंप फोल्डर आपणहून टेंपएफएसवर ठेवायला सुरुवात केली. फेडोराने हे २०१३ मध्येच केलं होतं, सनच्या मशीनवर तर त्याच्याही कितीतरी आधी होतं. रॅमभाऊंनी ही बातमी निरोपसमारंभाच्या भाषणात सांगितली. भाषण एवढंच होतं. टाळ्या वाजल्या, पण कशाबद्दल ते निम्म्यांना कळलं नाही.

समारंभानंतर मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो. मालक काळजीत होते. “रॅमभाऊ, पंचवीस वर्षांचं सगळं तुमच्या डोक्यात आहे. कागदावर एक ओळ नाही. आता आम्ही काय करायचं?”

रॅमभाऊंनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि तिच्यातून लाल कापडी बांधणीच्या चार लांब वह्या टेबलावर ठेवल्या. मी पहिली उघडली. बँकेतलं सुबक, उभं अक्षर. तारीख, मशीन, काय बदललं, का बदललं, आणि समासात बारीक टिकमार्क. पानामागून पान. चहाचा शनिवार होता. चार दिवसांचं काम गेलेल्या पोराचं नाव होतं. एका पानावर लिहिलं होतं: “रॅमएफएसला मर्यादा नसते हे विसरले. सर्व्हर बंद. चूक स्वतःची. डबा परत आणला.”

मी म्हटलं, “म्हणजे मी म्हणत होतो ते खरं. वहिनी तुमचं स्वॅप.”

“चुकताय तुम्ही,” रॅमभाऊ म्हणाले. “स्वॅपमधलं रीबूटनंतर हाताला लागत नाही. ती आरसिंक आहे. रोज रात्री साडेनऊला, जेवताना.”

वह्या सर्व्हर रूममधल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. परवा एक मशीन अडलं आणि कपाट उघडायची वेळ आली. किल्ली कोणालाच सापडेना. मी रॅमभाऊंना फोन लावला.

“किल्ली?” ते म्हणाले. “थांबा, हिला देतो.”